कागदातून साकारणारे ‘नॅट’

कोल्हापूर : भारतीय वायुदलाच्या ‘नॅट’ या छोट्या लढाऊ विमानाने १९६५ व १९७१ च्या युद्धांत पाकिस्तानच्या ‘सेबर’ विमानांशी झुंज दिली. १४ डिसेंबर १९७१ रोजी श्रीनगरच्या रक्षणासाठी ‘नॅट’मधून झेपावलेले फ्लाइंग ऑफिसर निर्मलजितसिंग सेखों यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले. वायुदलाला लाभलेले हे आजवरचे एकमेव परमवीरचक्र. या विमानाचे लहान आकारमान हेच त्याचे बळ कसे होते, हे त्याची कागदी प्रतिकृती उभारताना उमगते.

कागदी विमानांसाठी १:३३ हे प्रमाण रूढ आहे. ‘नॅट’ची लांबी ८.७४ मीटर आणि पंखांचा विस्तार ६.७३ मीटर. त्यामुळे प्रतिकृती सुमारे २६.५ सेंटिमीटर लांब व २०.४ सेंटिमीटर रुंद होते. ‘सेबर’ त्याच प्रमाणात साडेचौतीस सेंटिमीटर लांब भरते. दोन्ही शेजारी ठेवली, की ‘नॅट’ आकाशात चटकन नजरेस का पडत नसे, हे वेगळे सांगावे लागत नाही.

हे तंत्र शिवाजी उद्यमनगरातील पत्राकामाशी नाते सांगणारे आहे. गोल वा निमुळता आकार सपाट पृष्ठावर उलगडून आखायचा, कापायचा आणि वळवून जोडायचा. आराखडा १६० ते २०० जीएसएमच्या कार्डशीटवर छापावा. सर्व पाने मूळ आकारातच छापली गेली आहेत ना, हे पट्टीने तपासावे.

धडाचे आडछेद एक मिलिमीटर जाडीच्या पुठ्ठ्यावर चिकटवून कापावेत. घडीच्या रेषांवर शाई संपलेली रिफील फिरवल्यास घडी सुबक पडते. कापलेल्या पांढऱ्या कडा जलरंगाने रंगवाव्यात. ‘नॅट’चे पंख धडाच्या वरच्या भागात बसवलेले, मागे वळलेले आणि टोकांकडे किंचित झुकलेले असतात. दोन्ही बाजूंचा हा कोन समान राहावा, यासाठी पुठ्ठ्याचा साचा आधाराला ठेवावा.

कोल्हापूरच्या पावसाळ्यात दमट हवेने कागद फुगतो. इंकजेटची शाई ओल्या डिंकाने पसरते. म्हणून छापील पानांवर आधी पारदर्शक वॉर्निशचा हलका फवारा मारावा. तयार विमान बंद काचपेटीत ठेवावे.

घाई मात्र टाळावी. पहिल्या आडछेदातील अर्ध्या मिलिमीटरची चूक थेट शेपटीपर्यंत पोहोचते.