विश्लेषण : वजनासाठीची शस्त्रक्रिया मधुमेहावरचा उपचार कशी ठरली? कोण आहेत डॉ. फ्रान्सेस्को रुबिनो?

पोट लहान केले की खाणे कमी होते, वजन उतरते आणि मग साखरही आटोक्यात येते, असा बेरिअ‍ॅट्रिक शस्त्रक्रियेबद्दलचा सर्वसाधारण समज आहे. हे स्पष्टीकरण अपुरे आहे, असे इटालियन सर्जन डॉ. फ्रान्सेस्को रुबिनो यांचे संशोधन सांगते.

रुबिनो कोण आहेत?

रुबिनो लंडनच्या किंग्ज कॉलेजमध्ये बेरिअ‍ॅट्रिक व मेटाबॉलिक सर्जरीचे प्राध्यापक आहेत. वैद्यकीय शिक्षण रोममध्ये झाले. लंडनला येण्यापूर्वी ते न्यूयॉर्कच्या वेल कॉर्नेल वैद्यकीय महाविद्यालयात होते.

उंदरांवरील प्रयोगात काय दिसले?

शस्त्रक्रियेनंतर काही दिवसांतच, म्हणजे वजन फारसे उतरण्यापूर्वी, साखर खाली येते, हे अमेरिकी सर्जन वॉल्टर पोरिस यांनी १९९५ मध्ये मांडले होते. त्यामागचे कारण शोधण्यासाठी रुबिनो यांनी मधुमेह असलेले, पण लठ्ठ नसलेले उंदीर निवडले. त्यांचे पोट तसेच ठेवून अन्न लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग वगळून पुढे जाईल, अशी जोडणी केली. नुसते कमी खायला दिलेल्या उंदरांपेक्षा या उंदरांची साखर अधिक सुधारली. हा प्रयोग २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. मधुमेहात आतड्याचीही भूमिका असावी, या विचाराला त्यामुळे बळ मिळाले. मात्र नेमकी यंत्रणा कोणती, यावर अजूनही मतभेद आहेत.

माणसांमध्ये काय आढळले?

रोममधील डॉ. जेल्ट्रूडे मिंग्रोने यांच्या नेतृत्वाखालील चाचणीत रुबिनोही सहभागी होते. तीव्र लठ्ठपणा आणि मधुमेह असलेले ६० रुग्ण तीन गटांत विभागले गेले. दोन वर्षांनी गॅस्ट्रिक बायपास झालेल्या गटातील ७५ टक्के रुग्णांची साखर औषधाविना नियंत्रणात होती. फक्त औषधांवर असलेल्या गटात असा एकही रुग्ण नव्हता. मात्र दहा वर्षांनी शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी ३७.५ टक्केच मधुमेहमुक्त राहिले. म्हणजे मधुमेह परत येऊ शकतो. तरी तो परतलेल्यांचीही साखर बऱ्यापैकी नियंत्रणात होती.

भारतीयांसाठी यात काय?

२०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांचे रुबिनो प्रमुख लेखक होते. औषधांनी साखर आटोक्यात येत नसेल, तर बीएमआय ३० पासून शस्त्रक्रियेचा विचार करावा, असे त्यात म्हटले आहे. आशियाई लोकांसाठी ही मर्यादा २७.५ आहे, कारण आपल्याकडे कमी वजनातही मधुमेह गाठतो. अर्थात, शस्त्रक्रिया सर्वांसाठी नाही. तिच्यात जोखीम असते. बायपासनंतर जीवनसत्त्वांच्या गोळ्या आणि नियमित रक्ततपासण्या आयुष्यभर चालू ठेवाव्या लागतात.

सध्याचे काम कोणते?

लठ्ठ व्यक्तीला आळशी ठरवण्याच्या वृत्तीविरोधात २०२० मध्ये तज्ज्ञांचे संयुक्त निवेदन निघाले. त्यात रुबिनो यांचा पुढाकार होता. जानेवारी २०२५ मध्ये त्यांच्या अध्यक्षतेखालील ‘लॅन्सेट’ आयोगाने लठ्ठपणाचे निदान केवळ बीएमआयवरून करू नये, अशी शिफारस केली. अतिरिक्त चरबीमुळे अवयवांचे काम बिघडले असेल किंवा रोजचे व्यवहार अवघड झाले असतील, तर तो ‘क्लिनिकल’ लठ्ठपणा, म्हणजे आजार मानावा. तसे नसेल तर ती पूर्वावस्था समजावी. त्यामुळे उपचार ठरवताना काट्यावरच्या आकड्याइतकेच, शरीरात नेमके काय बिघडले आहे हे पाहणेही महत्त्वाचे ठरते.