वाशिममधली खरी दुपार

गेल्या जूनमध्ये गावी, म्हणजे वाशिमला, गेलो होतो. एका गुणवंत सत्कार समारंभाला बसायचा योग आला. बारावी सायन्सची मुलं-मुली, शाल, श्रीफळ, पेन सेट आणि माईकवरून पुकारा: नाव, शाळा, टक्के. गणितात ९८, भौतिकशास्त्रात ९५. टाळ्या. पुढचं नाव.

शेजारी बसलेले काका म्हणाले, "आमच्या वेळी असं नव्हतं बरं! पोरगा मेरिट आला म्हणजे गावभर पेढे." मेरिट 'आला', मेरिटमध्ये आला नाही. आमच्याकडे अस्संच म्हणतात :)

दोन तास बसून माझ्या लक्षात आलं, की स्टेजवरच्या एकाही मुलाला कोणी काहीही विचारलं नाही. विज्ञानाबद्दल तर सोडाच. रविवारी परत आलो आणि हे सत्कार प्रकरण आपल्याकडे आलं कुठून, ते खणायला बसलो.

सुरुवात मॅट्रिकपासून करावी लागते. मुंबई विद्यापीठ १८५७ चं, पहिली मॅट्रिक परीक्षा १८५९ ची. १८६५ मध्ये नाना शंकरशेट गेले आणि त्यांच्या स्मरणार्थ १८६६ मध्ये जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती सुरू झाली. ती मिळवणारा म्हणजे हुशारीची परमावधी! सी. डी. देशमुखांनी ती १९१२ मध्ये मिळवली, आणि पुढे ते रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर, देशाचे अर्थमंत्री झाले तरी चरित्रात हा उल्लेख कोणी गाळत नाही. पण ही शिष्यवृत्ती होती संस्कृतची. गणितात पहिला आलेल्या मुलासाठी लोकांच्या तोंडी बसलेलं असं काही नाव मला सापडलं नाही.

गणिताचा एकच मान मराठी माणसाने डोक्यावर घेतला, तो म्हणजे 'रँग्लर'. १८९९ मध्ये र. पु. परांजपे केंब्रिजला सीनियर रँग्लर झाले आणि ती पदवी जन्मभर नावाच्या आधी चिकटली. पण तो मान पदवीच्या पातळीचा, आणि सातासमुद्रापलीकडचा. शाळा संपवून बाहेर पडणाऱ्या पोराला त्याचा काय उपयोग?

मग आली बोर्डं. महाराष्ट्राचं राज्य मंडळ १९६६ चं. १०+२ पद्धतीची पहिली दहावी १९७५ ला, पहिली बारावी १९७६ ला. आणि त्यासोबत ती प्रसिद्ध गुणवत्ता यादी. निकालाच्या दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो, पेढा भरवणारी आई, आणि "रोज किती तास अभ्यास करायचास?" हा ठरलेला प्रश्न. आपल्या वाशिमचा त्यातही एक घोळ. इंग्रजांच्या काळात 'बासिम' हा वेगळा जिल्हा होता, १९०५ मध्ये तो अकोल्यात विलीन झाला, आणि १ जुलै १९९८ ला पुन्हा वेगळा झाला. म्हणजे मधल्या ९३ वर्षांत इथल्या कोणी नाव काढलंच, तर ते अकोला जिल्ह्याच्या खात्यात! पुढे या शतकाच्या पहिल्या दशकात बोर्डाने यादीच बंद केली. जीवघेणी स्पर्धा थांबावी म्हणून. ते बरंच झालं, असं माझं मत. अर्ध्या मार्काने कोण हुशार ठरतो?

पण या सगळ्याच्या मध्ये एक वेगळी गोष्ट घडून गेली होती आणि माझ्यासारख्याला ती जवळपास माहीतच नव्हती. १९६३ मध्ये एनसीईआरटीने दिल्लीत 'राष्ट्रीय विज्ञान प्रतिभा शोध' योजना सुरू केली. पहिल्या वर्षी फक्त १० शिष्यवृत्त्या. १९६४ मध्ये ती देशभर नेली, तेव्हा अकरावीच्या मुलांसाठी मिळून ३५०. निवड कशी? विज्ञानाच्या कलाची चाचणी, एका वैज्ञानिक विषयावर निबंध, स्वतः केलेल्या प्रकल्पाचा अहवाल आणि वर मुलाखत. म्हणजे कोणीतरी समोर बसून विचारणार, "हे तू का केलंस? हा आकडा कुठून आला?" आणि निवड झाली की पैसे पीएच.डी.पर्यंत. अट एकच: शिकायचं मूलभूत विज्ञान. डॉक्टर-इंजिनियर व्हायचं असेल तर ही शिष्यवृत्ती नाही.

सॉफ्टवेअरच्या भाषेत सांगायचं तर सत्कार म्हणजे नुसता प्रिंट स्टेटमेंट. नाव छापलं, प्रोग्रॅम संपला. ही योजना मुलाशी करार करत होती.

आता तुम्ही म्हणाल, मग ती अट टिकली का नाही? १०+२ आल्यावर १९७७ पासून योजनेचं नाव बदलून 'राष्ट्रीय प्रतिभा शोध' झालं. 'विज्ञान' हा शब्द नावातून गेला, सामाजिक शास्त्रं आली, इंजिनियरिंग आणि मेडिकललाही पैसे मिळू लागले. यावर नाक मुरडायचा मला तरी हक्क नाही. मी स्वतः इंजिनियरिंगला गेलो, कारण घरात लवकर पगार यायला हवा होता. वाशिमच्या कोरडवाहू सोयाबीनवाल्या घरातल्या पोराला "पीएच.डी.पर्यंत थांब" म्हणणं सोपं नाही. शिष्यवृत्ती पीएच.डी.पर्यंत होती. त्यानंतरच्या नोकरीचं काय, हा प्रश्न घरचे विचारणारच.

१९८५ पासून ही परीक्षा दहावीपुरती झाली. शिष्यवृत्त्यांचा आकडा वाढत शेवटी २००० वर गेला. मंजुरी ३१ मार्च २०२१ पर्यंतच होती. नंतर योजना स्थगित. मूलभूत विज्ञानासाठी १९९९ मध्ये आलेली केव्हीपीवाय इंग्रजी आणि हिंदीतून व्हायची, मराठी शाळेतल्या मुलाला ती आधीच लांबची. २०२२ मध्ये तीही 'इन्स्पायर'मध्ये विलीन झाली.

उरली ती ही इन्स्पायर, २००८ ची. बारावीला आपल्या बोर्डात वरच्या १ टक्क्यात या, मूलभूत विज्ञानाच्या पदवीला जा, वर्षाला ८०,००० रुपये. वर्षाला १२,००० शिष्यवृत्त्या. म्हणजे १९६३ ची अट परत आली! पैसे आले, अट आली, फक्त मुलाखत आली नाही. निवड पुन्हा मार्कांवर. (प्रकल्प आहे, पण निवड झाल्यानंतर.) गंमत म्हणजे त्या समारंभात इन्स्पायरचं नाव एकाही भाषणात निघालं नाही. नीट, जेईई, कोटा... एवढंच.

आता वाशिमबद्दल एक गोष्ट, जी त्या स्टेजवर सांगायला हवी होती. आपलं गाव म्हणजे वाकाटकांचं वत्सगुल्म. सातव्या शतकातल्या पहिल्या भास्कराच्या 'महाभास्करीय' या ग्रंथात लंकेपासून उज्जैनमार्गे मेरूपर्यंत जाणाऱ्या मध्यरेषेवरच्या गावांची यादी आहे. तिच्यात वात्स्यगुल्म हे नाव आहे. गावातलं मध्यमेश्वराचं देऊळ याच रेषेची आठवण सांगतं.

ही यादी बरोबर आहे का? नाही! वाशिमचं रेखांश साधारण ७७.१३, उज्जैनचं ७५.७७. फरक १.३६ अंश, म्हणजे आपण त्या रेषेपासून जवळपास १४० किलोमीटर पूर्वेला. एका अंशाला ४ मिनिटं धरली तर सुमारे साडेपाच मिनिटं. जुन्या मापात साडेतेरा पळं. त्या काळात रेखांश मोजणं फार अवघड होतं, ग्रहणांच्या वेळा ताडून बघाव्या लागत. त्यामुळे चूक समजण्यासारखी आहे.

पण ही चूक आज बारावीचा कोणीही पोरगा पकडू शकतो. सपाट अंगणात एक सरळ काठी उभी करा. सावली सगळ्यात आखूड कधी होते ते घड्याळात बघा. वाशिममध्ये ती वेळ वर्षाच्या सरासरीने १२ वाजून साडेएकवीस मिनिटांच्या आसपास येते. (आखूड सावलीचा नेमका क्षण डोळ्यांनी पकडणं कठीण, सकाळी आणि दुपारी सावली सारख्याच लांबीची होते त्या दोन वेळा नोंदवून त्यांचा मध्य काढा.) त्याच दिवशी उज्जैनच्या एखाद्या शाळेने हेच करावं आणि फोनवर आकडे जुळवावेत. खर्च काठी, दोरी आणि खडू. १९६३ ची ती मुलाखत घेणाऱ्यांना असला प्रकल्प आवडला असता, असं मला वाटतं.

काकांना मी हे सगळं फोनवर सांगितलं. ते म्हणाले, "मंग पुढच्या वर्षी सत्काराले तूच ये, पोरायले हेच विचार." तर मंडळी, अडकलोय. काठी घेऊन जाणार आहे आणि पेन सेटच्या जोडीला इन्स्पायरच्या माहितीच्या झेरॉक्स.

असो. पुढच्या रविवारी भेटू.