एकटा वैमानिक व भूमीवरील साह्य

प्रवासी विमान एकाच वैमानिकाच्या स्वाधीन करावें व त्याचा साह्यकर्ता भूमीवर बसवावा, ही कल्पना आज नवी भासते. परंतु तिचा आरंभ शोधूं गेल्यास आम्हांस शंभर वर्षे मागें जावें लागतें.

२२ फेब्रुवारी १९२१ च्या रात्रीं अमेरिकेंत जॅक नाइट हा वैमानिक टपाल घेऊन नॉर्थ प्लॅटहून एकटाच निघाला. मार्गांत लोकांनीं होळ्या पेटविल्या होत्या; त्यांच्या उजेडानें त्यानें ओमाहा गांठलें. तेथें पुढचा वैमानिक न मिळाल्यामुळें तोच अपरिचित मार्गानें शिकागोकडे वळला. वाटेंत आयोवा सिटी येथील कामगार, उड्डाण रद्द झालें असें समजून, घरीं गेले होते. एक पहारेकरी तेवढा जागा होता; त्यानें मशाल पेटविली, म्हणून नाइट सुखरूप उतरला! आमच्याकडेही १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं जे. आर. डी. टाटा कराचीहून मुंबईस एकटेच टपाल घेऊन आले, तेव्हां अहमदाबादेस त्यांचें पेट्रोल बैलगाडीतून आलें होतें.

पुढें लांब पल्ल्याच्या विमानांत एकाचे पांच झाले: दोन वैमानिक, मार्गदर्शक, रेडिओवाला व यंत्रज्ञ. मग यंत्रें सुधारलीं, तसतसे शेवटचे तिघे एकामागून एक खालीं उतरले. १९८१ सालीं अमेरिकेच्या अध्यक्षांनीं नेमलेल्या समितीनें दोघे पुरेत, असा निर्वाळा दिला.

मग दोहोंचा एक कां नको? नासा संस्थेनें २०१० नंतरच्या दशकांत हा प्रयोग कृत्रिम विमानकक्षांत करून पाहिला. पण तिघांचें काम यंत्रास देतां आलें. दुसऱ्या वैमानिकाचें मुख्य काम पहिल्यावर लक्ष ठेवण्याचें आहे. २४ मार्च २०१५ रोजीं जर्मनविंग्जच्या विमानांत सहवैमानिकानें कप्तान बाहेर जातांच दार बंद केलें व विमान डोंगरावर आदळविलें; १५० जीव गेले. भूमीवरून वारंवार हांका मारल्या, उत्तर आलें नाहीं. अशा वेळीं भूमीवरील माणसासच विमान चालवितां आलें असतें तर, असें कोणी म्हणेल. आक्षेप रास्त आहे. परंतु ती किल्ली दुष्टाच्या हातीं पडल्यास, किंवा रेडिओचा दुवा तुटल्यास काय? २०२५ मध्यें युरोपीय विमानसुरक्षासंस्थेच्या अभ्यासांतही, एकट्या वैमानिकाच्या हातीं दोघांइतकीच सुरक्षितता राहते हें सिद्ध होऊं शकलें नाहीं.

भूमीवरील साह्य आम्ही तुच्छ मानीत नाहीं. त्यावांचून नाइट वाचला नसता. परंतु त्या रात्रीं सारी भिस्त एका पहारेकऱ्याच्या जागेपणावर होती, आणि नाइटच्या विमानांत प्रवासी नव्हते.