ग्रेगरीचीं दोन पत्रें

धर्मांतराचा इतिहास बहुधा जेत्याच्या लेखणीनें लिहिला जातो. जुन्या धर्मास आपली कैफियत मांडण्याची संधि क्वचितच लाभते. इंग्लंडांतील सॅक्सन लोकांच्या मूळ देवधर्माविषयीं आपणांस जें ठाऊक आहे, त्यापैकीं बरेंचसें बीड नांवाच्या ख्रिस्ती संन्याशानें इ. स. ७३१ मध्यें पुऱ्या केलेल्या ग्रंथामुळेंच. मात्र त्याच ग्रंथांत पोप पहिला ग्रेगरी याचीं दोन पत्रें जपलेलीं आहेत व तीं परस्परविरोधी आहेत.

ग्रेगरीनें धाडलेला ऑगस्टिन इ. स. ५९७ मध्यें केंट प्रांतीं उतरला. तेथील राणी बर्था आधींपासूनच ख्रिस्ती होती. पुढें राजा एथेलबर्ट यानेंहि दीक्षा घेतली. इ. स. ६०१ मध्यें ग्रेगरीनें त्यास लिहिलें कीं, मूर्तिपूजा मोडावी व देवळें जमीनदोस्त करावीं. परंतु थोड्याच दिवसांत, वाटेवर असलेल्या मेलिटस यास त्यानें निराळी आज्ञा धाडली: मूर्ति तेवढ्या फोडाव्या, देवळें राखावीं, तीं पवित्र जलानें शुद्ध करून तेथें वेदी स्थापावी. बैलांचे बळी देण्याची चालहि एकदम तोडूं नये. हुतात्म्यांच्या उत्सवदिनीं तेच पशु मारून देवाचे आभार मानीत मेजवानी करावी. ओळखीच्या जागीं लोक निःशंक येतील, व शिखर गांठावयाचें तर पायरीपायरीनेंच चढावें लागतें, हा त्याचा हिशेब.

ही तडजोड कीं दूरदृष्टि? राजाच्या दीक्षेनें प्रजेचें मन बदलत नाहीं, हें तर लौकरच दिसून आलें. पूर्व अँग्लियाचा राजा रेडवाल्ड केंटमध्यें दीक्षा घेऊन आला. पण राणीच्या व मंत्र्यांच्या सल्ल्यानें त्यानें एकाच देवळांत ख्रिस्ताची व जुन्या देवांची अशा दोन वेदी ठेविल्या. इ. स. ६६४ च्या महामारींत पूर्व सॅक्सनांपैकीं एक राजा व त्याची प्रजा पुनः जुन्या देवळांकडे वळली. संकटसमयीं मनुष्य ज्याच्या दारीं धांवतो, तोच त्याचा खरा देव!

केल्टिक लोकांची कथा निराळी. आयर्लंडावर रोमचें राज्य कधींच नव्हतें. तेथील कोलंबानें इ. स. ५६३ च्या सुमारास आयोना बेटांत मठ स्थापिला. त्याच मठांतून आलेल्या एडननें इ. स. ६३५ पासून उत्तर इंग्लंडांत पायीं हिंडून उपदेश केला. आयर्लंडांतील संन्याशांनीं तर जुन्या देवांच्या कथा आपल्याच भाषेंत उतरून ठेविल्या. त्यांत लुग्ह वगैरे देव पराक्रमी पुरुष होऊन राहिले, पण राहिले!

सॅक्सन देवांच्या वांट्यास हें भाग्य आलें नाहीं. वोडन बुधवारच्या व थूनोर गुरुवारच्या इंग्रजी नांवांत उरला आहे; इओस्त्रे देवीचें नांव ईस्टरच्या सणास मिळालें, असें बीड सांगतो. म्हणजे ग्रेगरीचें दुसरें पत्रच यशस्वी झालें. पहिल्या पत्रानें देवळें पडलीं असतीं, तर निदान त्यांचा शोक राहिला असता. दुसऱ्यानें जागा, दिवस व मेजवान्या राखिल्या, आणि लोक ज्यासाठीं तेथें जमत, तेंच हळूहळू विस्मृतींत गेलें. सौम्य उपाय नेहमींच कमी परिणामकारक असतो, हा समज या इतिहासापुढें टिकत नाहीं.