पणजीचं नाव कागदावर शोधताना

आज आपण जुन्या कागदांबद्दल बोलणार आहोत. घराण्याचा इतिहास म्हटला की पुरुषांची नावं सात पिढ्या सांगता येतात. पण पणजीचं नाव विचारलं की घर गप्प होतं. ती खरंच कागदावर नव्हती का? होती. फक्त ती कुठं बघायची हे आपल्याला कुणी दाखवलं नाही.

आपल्याकडे जमिनीची शास्त्रीय मोजणी आणि सारा ठरवण्याचं काम इंग्रजांनी 1835 च्या सुमारास इंदापूर तालुक्यात सुरू केलं. पुढे 1903 मध्ये हक्कनोंदणीचा कायदा आला. जमीन कुणाकडून कुणाकडे गेली याची नोंद वहीत होऊ लागली. तीच वही म्हणजे आपला फेरफार, गाव नमुना 6.

आता बरेच जुने फेरफार आणि सातबारे स्कॅन करून सरकारच्या 'आपले अभिलेख' या संकेतस्थळावर ठेवले आहेत. मोबाईलवर जिल्हा, तालुका, गाव आणि कागदाचा प्रकार निवडायचा, मग गट नंबर टाकायचा. जुना नंबर वेगळा असू शकतो, हे ध्यानात ठेवा. 1947 च्या कायद्यानं जमिनींचं एकत्रीकरण झालं, तेव्हा सर्व्हे नंबरांचे गट नंबर झाले. सातबाऱ्यावर नावाजवळ वर्तुळात आकडे दिसतात, ते फेरफाराचे क्रमांक. एक फेरफार उघडला की मागचा सापडतो, अशी उलटी वाट धरायची. सगळ्या गावांचे कागद तिथं चढलेले नाहीत. नसतील तर तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात नकलेसाठी अर्ज करायचा.

कागद हाती आला की काही शब्द ओळखायचे. 'बिन' म्हणजे अमक्याचा मुलगा. 'कोम' म्हणजे अमक्याची बायको. 'भ्र.' म्हणजे भ्रतार, नवरा. 'अ.पा.क.' म्हणजे अज्ञान मुलांचा पालनकर्ता. नवरा गेल्यावर लहान मुलांच्या नावापुढे 'अ.पा.क. आई' असं लिहून बाईचं नाव येतं. किती घरांत पणजीचं नाव पहिल्यांदा कागदावर आलं ते असं, विधवा झाल्यावर. सासर-माहेरची नावं वेगळी असू शकतात, म्हणून दोन्ही विचारून ठेवा. जन्ममृत्यूसाठी गाव नमुना 14, म्हणजे कोतवाल बुक बघायचं. शाळेचं जुनं रजिस्टरही उपयोगी पडतं. कागद मोडी लिपीत असेल तर मोडी वाचणाऱ्या जाणकाराकडे न्यायचा.

हे सगळं कशाला करायचं? हौस म्हणून तर आहेच, पण हक्काचा प्रश्नही आहे. जुन्या फेरफारात एक ओळ पुन्हा पुन्हा भेटते: बहिणींनी हक्क सोडला. काहींनी राजीखुशीनं सोडला असेल, काहींना आपण कशावर अंगठा देतोय हेच कळलं नसेल. 1956 च्या हिंदू वारसा कायद्यानं लेकीला वारस मानलं. आपल्या राज्यानं 1994 मध्ये, आणि देशानं 9 सप्टेंबर 2005 पासून, वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत लेकीला मुलाइतकाच जन्मजात वाटा दिला. बाप त्या दिवशी हयात नसला तरी हा हक्क राहतो, असं सर्वोच्च न्यायालयानं 11 ऑगस्ट 2020 ला सांगितलं. मात्र 20 डिसेंबर 2004 च्या आधी रीतसर झालेली वाटणी यामुळं उघडत नाही.

एक सावधगिरी. फेरफार म्हणजे मालकीचा शेवटचा पुरावा नव्हे. महसुलासाठी ठेवलेली ती नोंद आहे. आणि नवा फेरफार मंजूर होण्याआधी संबंधितांना नोटीस जाते, हरकतीला 15 दिवस मिळतात. नोटीस आली तर ती वाचून घ्या, वाचून दाखवायला सांगा. न वाचता सही करू नका.

पुढच्या बैठकीला प्रत्येकीनं आपला गट नंबर, आई, आजी आणि पणजी यांची सासर-माहेरची नावं लिहून आणावीत. गावातल्या सर्वांत वयस्कर बाईकडे आधी बसा. कागदात नसलेलं तिला ठाऊक असतं. मग ज्या मुलींना मोबाईल चांगला जमतो त्यांना घेऊन एकत्र शोधू. एकीचा कागद सापडला की दुसरीला वाट सापडते.