जमिनींत पुरलेले रांजण

काळ्या समुद्राच्या पूर्वेस, काकेशस पर्वताच्या कुशींत जॉर्जिया नांवाचा एक लहानसा देश आहे. तेथील द्राक्षमद्याविषयीं आज चार शब्द बोलावयाचे आहेत. मद्यपानाचा पुरस्कार करण्याचा हेतु नाहीं, हें आरंभींच सांगून टाकतों.

हें मद्य प्रथमच चाखणारा मनुष्य बुचकळ्यांत पडतो. द्राक्षें पांढरीं, पण पेल्यांतील रंग मधासारखा. वास वाळलेल्या जर्दाळूचा व अक्रोडाचा. आणि जिभेवर बिनदुधाच्या कडक चहाचा तुरटपणा. हा तुरटपणा येतो कोठून? अन्यत्र पांढरें मद्य करतांना बहुधा रस पिळून साली बाजूस काढतात. काखेती प्रांतांतील शेतकरी मात्र रस, साली, बिया, आणि कित्येकदां देंठसुद्धां, एकाच रांजणांत ओततो. या रांजणास ‘क्वेव्री’ म्हणतात. आकार अंड्यासारखा, आंतून मधमाशांच्या मेणाचा हात, आणि तोंडापर्यंत जमिनींत पुरलेला; आपल्याकडील धान्याच्या पेंवाची आठवण व्हावी! बाहेरचें खमीर घालीत नाहींत. सालींबरोबर आलेल्या किण्वानेंच रस फसफसतो. वर येणारा चोथा दिवसांतून अनेकदां काठीनें खालीं दाबावा लागतो. मग तोंड बंद करून पांच-सहा महिने तिकडे पाहावयाचें नाहीं. भोंवतालची माती उष्णमान सम राखते, बिया निमुळत्या तळाशीं बसतात, आणि वसंतांत रांजण उघडतात.

या देशांत गदाचरिली गोरा येथें सांपडलेल्या खापरांवर सुमारें ८,००० वर्षांपूर्वींच्या द्राक्षमद्याचे अवशेष आढळल्याचें २०१७ सालीं प्रसिद्ध झालें. इतकी जुनी विद्या विसाव्या शतकांत बुडण्याच्या बेतास आली होती. सोव्हिएट अमदानींत मळे सामुदायिक झाले, मद्य सरकारी कारखान्यांत होऊं लागलें. कारखान्यास हवा मुबलक माल, आणि तोहि एकाच चवीचा. म्हणून पांचशेंहून अधिक देशी जातींपैकीं मोजक्याच लागवडींत राहिल्या. १९८५ सालीं गोर्बाचेव्ह यांनीं मद्यविरोधी मोहीम काढली, तेव्हां तर कित्येक मळे उपटले गेले. विद्या तगली ती घरोघरच्या तळघरांत! परसांतल्या चार वेलींचीं द्राक्षें, पुरलेले दोन रांजण, आणि विक्रीचा विचारहि नाहीं. पाहुण्यासाठीं व सणासाठीं. सरकारी दप्तरानें ज्याची फारशी दखल घेतली नाहीं, तेंच टिकलें. इतिहासाच्या विद्यार्थ्यानें हें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे.

२००६ सालीं रशियानें जॉर्जियन मद्याची आयात बंद केली. मुख्य गिऱ्हाईकच गेलें. मोठ्या कारखान्यांची तारांबळ उडाली. नव्या बाजारपेठा शोधणें भाग पडलें, आणि घरगुती मद्याच्या बाटल्या परदेशीं जाऊं लागल्या. इटलींतील ओस्लाव्हियाचे योश्को ग्राव्हनर हे २००० सालींच काखेतीस येऊन गेले होते. पुढल्याच हंगामापासून त्यांनीं आपलें मद्य याच रांजणांत घातलें. २०१३ सालीं युनेस्कोनें या पद्धतीस मानवजातीच्या वारशांत स्थान दिलें.

अशा दोन शेजाऱ्यांचें मद्य शेजारीं शेजारीं ठेवून चाखावें. जात तीच, रकात्सितेली, हंगाम तोच, तरी एकाचें अधिक गढूळ व रांगडें, दुसऱ्याचें सौम्य. कारखानदार यास दोष म्हणेल. बर्फांत गार करूं नये, म्हणजे हा फरक अधिक कळतो. असे रांजण हातानें घडविणारीं कुंभारांचीं घराणीं मात्र आतां थोडींच उरलीं आहेत.