भूचुंबकीय क्रियाशीलतेचे मापन : कुलाबा–अलिबाग वेधशाळा

भूचुंबकीय क्रियाशीलता म्हणजे सूर्याच्या प्रभावामुळे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात काही सेकंदांपासून काही दिवसांपर्यंतच्या अवधीत होणारे अनियमित बदल. पृथ्वीच्या गाभ्यातून निर्माण होणारे मुख्य क्षेत्र वर्षानुवर्षे संथपणे बदलते. त्याचा यात समावेश होत नाही. अलिबाग येथे क्षेत्राचा क्षैतिज घटक सुमारे ३८ हजार नॅनोटेस्ला आहे. मोठ्या चुंबकीय वादळातही त्यात होणारी घट सामान्यतः काही शे नॅनोटेस्लांचीच असते. एवढ्या मोठ्या राशीतील इतका लहान बदल विश्वसनीयपणे वेगळा काढणे, हा या मापनाचा मुख्य प्रश्न आहे.

इतिहास

कुलाबा येथील वेधशाळा ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये खगोलीय निरीक्षणे व वेळेची निश्चिती यांसाठी स्थापन केली. चुंबकीय निरीक्षणांना १८४१ मध्ये एल्फिन्स्टनमधील प्राध्यापक ऑर्लेबार यांच्या देखरेखीखाली आरंभ झाला. ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर यांनी काही काळ या वेधशाळेचे काम पाहिले आणि गणितज्ञ केरो लक्ष्मण छत्रे यांनीही तरुणपणी येथे नोकरी केली. मराठी वाङ्मयाच्या इतिहासात या दोन्ही नावांसोबत वेधशाळेचा उल्लेख क्वचितच येतो.

पुढे विजेवर चालणाऱ्या ट्रामगाड्यांची योजना आली. रुळांतून जमिनीत झिरपणाऱ्या एकदिश विद्युत् प्रवाहामुळे सूक्ष्म चुंबकीय नोंदी बिघडतात. म्हणून तत्कालीन संचालक नानाभाई अर्देशिर फ्रामजी मूस यांच्या कारकिर्दीत अलिबागची जागा निवडण्यात आली. १९०४ ते १९०६ या काळात कुलाबा व अलिबाग येथे एकाच वेळी निरीक्षणे करून दोन्ही ठिकाणांमधील फरक निश्चित करण्यात आला. मुंबईत विद्युत् ट्राम १९०७ मध्ये सुरू झाली. या दूरदृष्टीमुळे दोन जागांच्या नोंदी एकाच सलग मालिकेप्रमाणे वापरता येतात. मूस यांनी १८४६ ते १९०५ या साठ वर्षांच्या निरीक्षणांचे विश्लेषण १९१० मध्ये दोन भागांत प्रसिद्ध केले. १९७१ पासून हे कार्य भारतीय भूचुंबकत्व संस्थेकडे आहे.

उपकरणे व अंकीय नोंद

पूर्वी टांगलेल्या चुंबकावरील आरशातून परावर्तित झालेला प्रकाशकिरण फिरत्या छायाचित्रण-कागदावर रेषा उमटवीत असे व त्या रेषेवरून ताशी मूल्ये हाताने मोजली जात. आता फ्लक्सगेट चुंबकत्वमापक क्षेत्राच्या तीन घटकांतील बदल आणि प्रोटॉन चुंबकत्वमापक एकूण तीव्रता नोंदवितो. मूल्ये दर मिनिटाला वा दर सेकंदाला साठविली जातात. तथापि फ्लक्सगेट केवळ बदल दाखवितो, आणि तापमान किंवा पायाचा किंचित कल यांमुळे त्याचा शून्यबिंदू सरकतो. त्यामुळे चुंबकीय धातू नसलेल्या थिओडोलाइटने दिक्पात व नती ठराविक दिवसांनी प्रत्यक्ष मोजून आधाररेषा ठरवावी लागते. त्या वेळी निरीक्षकाच्या खिशात किल्लीसुद्धा चालत नाही. कोकणातील नेहमीचा काळा दगड स्वतःच चुंबकीय असल्याने अशा खोल्यांच्या बांधकामासाठी तो अयोग्य ठरतो.

के निर्देशांक

यूलिउस बार्टेल्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३९ मध्ये मांडलेला के निर्देशांक आजही वापरात आहे. जागतिक वेळेनुसार दिवसाचे तीन-तीन तासांचे आठ भाग करतात. भारतात पहिला भाग सकाळी साडेपाचला सुरू होतो. प्रत्येक भागात क्षेत्राच्या नोंदीतून शांत दिवसाचा नियमित चढउतार वजा करून उरलेल्या बदलाचा कमाल विस्तार काढतात आणि त्याला ० ते ९ पैकी अंक देतात. जर्मनीतील नीमेक वेधशाळेसाठी या अंकांच्या मर्यादा ५, १०, २०, ४०, ७०, १२०, २००, ३३० व ५०० नॅनोटेस्ला अशा आहेत. समजा, उरलेला बदल वर ३४ आणि खाली ५१ नॅनोटेस्ला इतका असेल, तर विस्तार ८५ व के ५ होतो. होनोलुलूसारख्या कमी अक्षांशावरील केंद्रात ९ या अंकाची खालची मर्यादा ३०० असल्याने तोच विस्तार ६ ठरतो. श्रेणी समान अंतरांची नसल्यामुळे के अंकांची थेट सरासरी काढणे चुकीचे आहे.

यातील अवघड भाग म्हणजे शांत दिवसाचा वक्र. सूर्यप्रकाशामुळे आयनांबरात वाहणाऱ्या प्रवाहांनी अलिबागचा क्षैतिज घटक दुपारच्या सुमारास वाढतो, आणि ही वाढ रोज सारखी नसते. बार्टेल्स यांच्या पद्धतीत हा वक्र अनुभवी निरीक्षक डोळ्यांनी ओळखत असे. संगणकासाठी तयार केलेल्या चार पद्धतींना आंतरराष्ट्रीय संघटनेने मान्यता दिली. त्यांची कसोटी हाताने काढलेल्या अंकांशी त्या किती जुळतात हीच होती. वेगवान गणिताचा दर्जा जुन्या नजरेवरून ठरावा, हे लक्षणीय आहे.

१८५९ चे वादळ

१ सप्टेंबर १८५९ रोजी रिचर्ड कॅरिंग्टन यांनी सूर्यावरील तेजस्वी उद्रेक पाहिला. सुमारे साडेसतरा तासांनी पृथ्वीवर वादळ पोहोचले व २ सप्टेंबरला कुलाब्याचा क्षैतिज घटक सुमारे १,६०० नॅनोटेस्लांनी घसरला. ही नोंद डोळ्यांनी वाचून लिहिलेली होती. कमी अक्षांशावरील त्या वादळाची ती सर्वांत महत्त्वाची नोंद मानली जाते. मात्र तिची आजच्या डीएसटी निर्देशांकाशी थेट तुलना योग्य नाही. डीएसटी काकिओका, होनोलुलू, सान हुआन व हर्मानस या चार केंद्रांच्या ताशी मूल्यांवरून काढतात, तर कुलाब्याचा आकडा एकाच जागेचे क्षणिक मूल्य आहे. त्याची ताशी सरासरी घेतल्यास घट ८५० च्या आसपास येते, असे एका विश्लेषणात दाखविण्यात आले आहे. मार्च १९८९ मध्ये क्वेबेकचा वीजपुरवठा खंडित करणाऱ्या वादळाचे डीएसटी –५८९ होते. वीजजाळ्याने किती मोठ्या आघातासाठी तयार असावे, हा प्रश्न या दोन आकड्यांपैकी कोणता ग्राह्य धरावा यावर अवलंबून राहतो.

अलिबागचे स्थान

जागतिक केपी निर्देशांकाच्या १३ वेधशाळा मध्यम व उच्च अक्षांशांवर असल्याने अलिबाग त्यांत नाही. अलिबागचे विशेष महत्त्व दुसरे आहे. चुंबकीय विषुववृत्तालगत दिवसा आयनांबरात तीव्र विद्युत् झोत वाहतो. तिरुनेल्वेलीच्या क्षैतिज घटकातील दैनिक बदलातून अलिबागचा बदल वजा केला की वादळाचा सामाईक परिणाम बव्हंशी नाहीसा होतो आणि झोताची तीव्रता उरते. याकरिता दोन्ही केंद्रांची घड्याळे, आधाररेषा व परिसराची चुंबकीय शांतता सारखीच विश्वासार्ह असावी लागते.